दुसऱ्या भागातली खोली

गावच्या वाचनालयात आमच्या ह्यांची ख्याती भुताखेतांच्या कादंबऱ्यांचे शौकीन म्हणून होती, आणि बिचाऱ्यांनी जन्मात एकही कादंबरी वाचलेली नव्हती. बायकांनी वाचनालयाची पायरी चढायची पद्धत वाशीमला तेव्हा नव्हती. हे कचेरीतून घरी येताना तिथे माझी चिठ्ठी दाखवत आणि दर शनिवारी एक पुस्तक पिशवीत घालून आणत. चिठ्ठीवर कधी 'तळघर असलेली', तर कधी 'वेडी आत्या असलेली, पण मागच्या खेपेची नव्हे' असं लिहिलेलं असे. कचेरीतले लोक त्यांची भरपूर थट्टा करत. हे ती मुकाट्यानं ऐकून घेत आणि घरी येऊन माझ्यावर चिडत. लढाई सुरू होण्याआधीची ती तीन-चार वर्षं.

वाचणाऱ्या आम्ही तिघी होतो. एक मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाई, दुसरी मी आणि तिसरी आमच्या शेजारची सून. मास्तरीणबाईंचं वाचन दांडगं होतं आणि मत त्याहून दांडगं. शेजारचं घर शेतकऱ्याचं, त्यांची जमीन आसेगावकडे. सून इंझोरीची. भावाच्या पाटीवर चोरून अक्षरं गिरवलेली, त्यामुळे तिला वाचता येई ते मोठ्यानं आणि बोट ठेवून. पहिलं पुस्तक तिला मीच दिलं होतं. पण एकदा गोडी लागल्यावर आम्हा दोघींना तिनं मागे टाकलं.

दुपारी तिच्या अंगणात तूर निवडताना आमची देवघेव चाले. कोणतं पुस्तक चांगलं, कोणतं नुसतंच जाड. असल्या कादंबऱ्यांना आम्ही 'खोलीची पुस्तकं' म्हणायचो, कारण त्यांत एक बंद खोली हटकून असायचीच. पुस्तक सुचवायचं ते शेवट न सांगता, हा नियम. माझ्यासारखीला तो पाळणं कठीण. मी एका जागी बसून बोलूच शकत नसे, सुपातली तूर तशीच टाकून अंगणात फेऱ्या मारत पुस्तकाची तारीफ करायची आणि मास्तरीणबाई ओरडायच्या, "बसा खाली, तोंडातून निसटेल." शेजारणीची परीक्षा मात्र एकाच प्रश्नाची.

"खोली कवा उघडते?" ती विचारी. अर्ध्याच्या आधी उघडत असेल तर पुस्तक नको. "लवकर उघडली म्हंजे लिवनाऱ्यालेच धीर नाई."

दोनदा तिची कूस उजवली आणि दोन्ही मुलं गेली. एक जन्मतानाच, दुसरं महिन्याचं होऊन. दुसरं गेलं ते आम्ही त्या गल्लीत राहायला आलो त्याच वर्षी. तिसऱ्यांदा दिवस राहिले आणि पाचवा महिना लागला, तेव्हा तिची सासू एक दिवस माझ्या दारात येऊन उभी राहिली. बाई कडक होती, पण त्या दिवशी तिनं माझ्यापुढे पदर पसरला.

"वहिनी, तिले आता तुमची थे पुस्तकं देऊ नका. दोन गेले. तिसऱ्याले मी कायचंबी भेव लागू देनार नाई. कोनी इहिरीत पडलं, कोनी मेलं, काई तिच्या कानावर गेलं नाई पायजे."

मी कबूल केलं. कोण नाही म्हणेल? अडचण अशी की तेव्हा एका दोन भागांच्या कादंबरीचा पहिला भाग तिनं नुकताच संपवला होता. डोंगरातल्या गढीत एक नवी सून येते. उत्तरेच्या खोलीला सदा कुलूप, आणि दुपारच्या निजानिजीला आतून रडल्यासारखा बारीक आवाज. मिठाच्या रांजणात तिला किल्ली सापडते आणि तिथेच भाग संपतो. दुसरा भाग माझ्याकडे आला होता. तिला ते ठाऊक होतं. तिसऱ्या प्रहरी धुणं वाळत घालताना ती कुंपणाशी येई आणि दबक्या आवाजात विचारी, "उघडली?"

मी तो भाग एका दिवसात वाचला. खोली उघडते. आत एक रिकामा पाळणा असतो आणि त्याला झोका द्यायची दोरी हाताच्या घामानं काळी पडलेली असते. आधीची मालकीण मूल गेल्यावर सात वर्षं तिथं बसून ती दोरी ओढत असते. तेवढं एक पान मी उभ्याउभ्याच वाचलं आणि पुस्तक मिटून ट्रंकेच्या तळाशी घातलं. अमरावतीला माझं पहिलं मूल अकरा दिवसांचं होऊन गेलं होतं. वाशीमला हे कोणालाच माहीत नव्हतं. आमच्या घरात तो विषय निघत नसे, आणि ह्यांची इथे बदली झाली तेव्हा बरंच झालं असं मला वाटलं होतं. नव्या गावात कोणी विचारणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "उघडली. आत तांदळाची पोती."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला लाज वाटली. "तांदळाच्या पोत्यायसाठी येवडं कुलूप?"

मग मला पुढे जावं लागलं. पोत्यांच्या मागे एक आंधळा म्हातारा, नवऱ्याचा चुलता, घरच्यांवर रुसून बसलेला. तो सारंगी वाजवतो आणि लोकांना वाटतं कोणी रडतंय. तिला हे पटलं. रोज दुपारी थोडं थोडं करत मी दोन महिने तो म्हातारा वाढवला. त्याला एक हरवलेला भाऊ दिला, सुनेला त्याच्याकडून सारंगी शिकवली, शेवटी गढीत एक लग्न लावलं. खोटं बोलतेय म्हणून घरी आल्यावर मी ओसरी ते विहीर फेऱ्या घालत बसे. पण खरं सांगायचं तर मला त्यात गंमतही वाटायला लागली होती. ती हसली की मला माझाच अभिमान वाटे.

घोटाळा असा झाला की ती तेच पुस्तक दुसऱ्यांना सुचवायला लागली. "दुसरा भाग लय गोड हाये, सारंगीवाला तं लयच," तिनं मास्तरीणबाईंना सांगितलं. "पयल्या भागाले भेऊ नका." मास्तरीणबाईंनी तो माझ्याआधीच वाचलेला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि त्या फक्त "हो का" म्हणाल्या. परत जाताना वाटेत मला म्हणाल्या, "तुम्ही स्वतःच एखादी का लिहीत नाही? सारंगी फार छान वाजवता." मी त्या दिवशी घरी येऊन पुस्तक ट्रंकेतून काढलं आणि ह्यांच्या पिशवीत घालून परत पाठवलं.

सातव्या महिन्यात ती माहेरी गेली. बैलांच्या दमणीत जाडजूड गादी घालून, सासू स्वतः शेजारी बसून. पुढचे महिने माझे कसे गेले ते मलाच ठाऊक. मी कोणतीच खोलीची पुस्तकं मागवली नाहीत. ह्यांनी आनंदानं संतचरित्रं आणली, ती चार पानांपलीकडे गेली नाहीत. इंझोरीहून गडी आला की मी काहीतरी निमित्त काढून दारात जाई आणि त्याच्या तोंडाकडे बघे. शेवटी मुलगी झाल्याची आणि दोघी सुखरूप असल्याची बातमी आली. मी घरात येऊन दार लावून रडले. आनंदानंच रडले, पण सगळं आनंदाचंच होतं असं म्हणवत नाही.

तीन महिन्यांची मुलगी घेऊन ती परतली. मी झबलं-टोपडं घेऊन गेले, पाटाच्या कडेला टेकले आणि दूध उतू जाईल म्हणून उठून आले. आमच्याकडे त्या वेळी दूध तापत नव्हतं. पुन्हा गेले नाही.

आणि मग आमच्या ह्यांनी घात केला. एका शनिवारी ते कचेरीत जायला निघालेले पाहून तिनं कुंपणावरून हाक मारली, "भाऊजी, त्या गढीच्या पुस्तकाचा दुसरा भाग मले आनून द्या. एकडाव आपल्या डोयानं वाचतो." ह्यांना कशाचाच पत्ता नव्हता. संध्याकाळी परत येताना त्यांनी पुस्तक तिच्या दारात परस्पर दिलं आणि घरात येऊन मोठ्या कौतुकानं मला सांगितलं. मी त्यांना ताटात काय वाढलं ते आठवत नाही. मीठ नव्हतं एवढं मात्र ते म्हणाले.

आमच्या दोन घरांना मिळून मातीची एकच भिंत होती. मूल निजलं की दुपारी तिचं वाचन सुरू होई. एकेक अक्षर लावत, शब्द जुळला की तो दोनदा म्हणत. खोलीपर्यंतचं पुस्तक मला पाठ होतं, त्यामुळे ती कितव्या पानावर आहे ते मला चुलीपाशी कळे. सोमवारी किल्ली गढीतल्या सुनेच्या पदराच्या गाठीत गेली. मंगळवारी ती जिन्यावर आली. मी भांडी आपटून पाहिली, पाणी आणायला विहिरीवर जाऊन पाहिलं, पण पुन्हा त्या भिंतीशीच येऊन उभी राहायची. गुरुवारी कुलूप उघडलं. पुढचं वाक्य तिनं अर्ध्यावर सोडलं.

ती आली तेव्हा तिच्या काखेत पुस्तक होतं आणि कडेवर मुलगी. पुस्तक तिनं ओसरीवर ठेवलं.

"याच्यात सारंगीवाला कुठं हाये?"

"नाही," मी म्हणाले.

"माह्या सासूनं मना केलं होतं, थे मले समजते. पन मी परत येऊन महिना झाला. आता कायचं भेव होतं? तुमी घरी येत नाई, पोरीले हात लावत नाई. माह्यावर राग हाये का?"

मी चुलीकडे गेले, तिथून परत आले. नाही म्हणायचं एवढंच ठरवलं होतं, पण तोंडातून दुसरंच निघालं. "ते पान मलाच सोसलं नाही. माझी पण गेली. अकरा दिवसांची होऊन. इथे येण्याच्या आदल्या वर्षी."

मुलगी तिच्या गळ्यातली पोत तोंडात घालत होती, ती तिनं हळूच सोडवली.

"म्हंजे माहं दुसरं गेलं तवा तुमाले हे दुख मालूम होतं."

"हो."

"तुमी आल्या होत्या. पाटावर बसल्या, म्हनल्या, वाचत जा, मन रमते. अन् पुस्तक ठेवून गेल्या."

"हो."

"बाया माही सावली टाळत होत्या, वहिनी. सवाष्नीचं बलावनं बंद झालं होतं. तुमी येकल्याच येत होत्या, तं मले वाटे, शिकल्या-सवरल्या हायेत, असलं मानत नसतीन. ह्या गल्लीत मीच एक हाय असं समजून राह्यली मी. दोन साल."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. मी तिला भीतीपासून वाचवलं असं आठ-नऊ महिने स्वतःला सांगत होते, आणि जे एक वाक्य तिला हवं होतं ते मी स्वतःसाठी दाबून ठेवलं होतं. माझी मला शरम वाटली. मी खाली बसले. तीही माझ्यासमोर बसली. मुलीला तिनं मांडीवर आडवं घेतलं.

"पोरगा होता का पोरगी?" आत्ताच सांगितलं होतं तरी तिनं विचारलं.

"मुलगी."

"नाव?"

"बारसं दुसऱ्या दिवशी होतं," मी म्हणाले. "ठेवलंच नाही."

"मनात तं असन."

मनात होतं. ते मी ह्यांनाही सांगितलेलं नव्हतं. बारशाच्या दिवशी पाळण्याशी वाकून कानात सांगायचं म्हणून तसंच ठेवलं होतं. मी ते तिला सांगितलं. तिनं ते एकदा मोठ्यानं म्हटलं, आणि दुसऱ्या कोणाच्या तोंडून ते मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.