दादाने लावलेलं कुलूप

रविवार, दादाच्या तेराव्यानंतरचा दुसरा. हजर: वहिनी, पुण्याहून आलेली त्यांची मुलगी जुई आणि मी, दादाची धाकटी बहीण. काम एकच, दादाच्या कॉम्प्युटरमधून मन्याचा फोटो काढणे. मन्या म्हणजे दादा-वहिनींचा पहिला मुलगा. चार वर्षांचा असताना तापाने गेला. कॉम्प्युटर सुरू झाला. फोटोंची फाइल काही उघडली नाही... गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायची रीत आहे. आज मला ते जमणार नाही.

हे सगळं सुरू झालं राजवाड्यामागच्या एका दुरुस्तीच्या दुकानात. दादाने कॉम्प्युटर तिथे दिला होता. परत घेताना दुकानदार कौतुकाने म्हणाला, "भिया, बिटिया की शादी के फोटू मस्त हैं." दादा घरी येऊन पेटला. फाइलींना कुलूप लावणारं सॉफ्टवेअर त्याने त्या दिवसापासून शोधायला घेतलं. सरकारी नोकरीत जन्मभर टेंडरं तपासलेला माणूस, तशीच ही तपासणी चालली. जाहिरात मोठी म्हणून घ्यायचं नाही. कोड उघडा, कुणालाही वाचता येईल असा हवा, बाहेरच्या जाणकारांनी तो पाहिलेला हवा, बनवणारे उद्या बंद पडले तरी आपली फाइल आपल्याला उघडता यायला हवी. आणि मुख्य म्हणजे, पासवर्ड विसरला तर तो परत मिळायची सोय नको. ती सोय म्हणजे चोराला मागचं दार, हे तो जेवायला आलेल्या पाहुण्यांनाही ऐकवायचा. मी त्याला म्हटलं होतं, पासवर्ड लिही, पाकिटात बंद कर, बँकेच्या लॉकरमध्ये ठेव. तो हसला. फोटोंच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या होत्या, त्याचा त्याला कोण अभिमान! तिन्हींना पासवर्ड मात्र एकच, आणि तो फक्त त्याच्या डोक्यात.

मग त्याला सफाई सुचली. या शहरात कचरा वेगवेगळा करणं ही मिरवायची गोष्ट आहे, आणि दादा त्यात गल्लीचा पुढारी. जुने अल्बम स्कॅन करून झाले होते. एका बुधवारी वहिनी खजरान्याच्या देवळात दर्शनाला गेल्या असताना त्याने माळ्यावरचे अल्बम काढून सुटे केले. प्लास्टिक वेगळं, पुठ्ठा वेगळा, फोटो वेगळे. कचऱ्याची गाडी आली तसं सगळं व्यवस्थित देऊन टाकलं. नंतर मला फोन करून सांगितलं, तेही शाबासकी मिळणार अशा थाटात. वहिनींना सांगितलंस का, मी विचारलं.

"सांगतो ना आराम से. स्क्रीनवर तर बघतेच आहे ती, काय फरक पडतो?"

मी पुष्कळ बोलले. त्याने फोन ठेवून दिला. 'आराम से' काही आलं नाही. एका संध्याकाळी चहा घेता घेता छातीत दुखलं आणि संपलं.

परवा जुईने एका जाणकाराला बोलावलं. त्याने बराच वेळ खटपट केली आणि हात टेकले. "मैडम, सॉफ्टवेयर तो भाईसाब ने एक नंबर चुना है. ये नहीं खुलेगा." तो गेल्यावर जुई म्हणाली, "आत्या, बाबांनी एखादं भिकार सॉफ्टवेअर घेतलं असतं ना, तर आज फोटो मिळाले असते."

वहिनींनी मन्याचं नाव घालून पाहिलं, त्याची जन्मतारीख घालून पाहिली. मग जुईचं नाव. शेवटी स्वतःचं. तेही चाललं नाही तेव्हा पदर सावरत उठल्या. "जाऊ दे गं. अल्बम आहे ना माळ्यावर. पुढच्या खेपेला आलीस की शिडी लावून काढून दे मला."

जुई हो म्हणाली. तिलाही माहीत नाही.

दादाची बाकीची कामं मी उरकली. बँक झाली, पेन्शन झाली, गॅसचं नाव बदललं. त्याच्या वाटणीचं हे एक काम तो माझ्या गळ्यात टाकून गेला, त्याची माफी त्याला नाही. हे जिथे छापून येणार ती पुरवणी वहिनींकडे रविवारी सकाळी येते आणि त्या ती पहिल्या पानापासून वाचतात. त्याआधी जाऊन त्यांना सांगायला हवं. अजून गेलेले नाही.