पावाचा दहावा तुकडा

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या मित्राला माझी बाकीची सगळी लफडी पाठ आहेत त्यालाही नाही. सांगण्यासारखं आहे तरी काय त्यात — पावाचा एक तुकडा, सुपारीएवढा. ऐकणारा हसेल. आणि तो हसला की मीही हसेन, याची मला जास्त भीती वाटत आली आहे.

यवतमाळहून मी पुण्यात आलो ते कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी. तेव्हा गल्लीबोळांत कॉम्प्युटर शिकवण्याच्या पाट्या लागत होत्या. माझं काम टेस्टरचं. म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्रॅम मुद्दाम वेडावाकडा वापरून तो कुठे मोडतो ते बघायचं. या कामाची सवय वाईट. हळूहळू सगळ्याच गोष्टींकडे आपण तसंच बघायला लागतो — इथे बोट घातलं तर काय होईल?

राहायला रास्ता पेठेत होतो, मिल्कामावशींकडे, त्यांच्या मागच्या खोलीत. मावशी बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू. वयाची सत्तरी ओलांडलेली, शाळेतून शिवणाच्या बाई म्हणून निवृत्त झालेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा शमू इस्राएलला स्थायिक झालेला. माझं काम काय ते ऐकून त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "चुका काढायचा पगार देतात होय? माझ्या सासूबाईंनी जन्मभर फुकट काढल्या."

त्यांचा पेसाहचा सण आला की घर महिनाभर उलटंपालटं व्हायचं. त्या आठवड्यात घरात खमीर नको — आंबवून फुगलेलं काही नको, पावाचा कणसुद्धा नको. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई व्हायची. डबे उन्हात पडायचे, तांदूळ तीन-तीनदा निवडले जायचे, मसाला घरीच कुटायचा, आणि खजूर शिजवून, फडक्यातून गाळून त्याचा दाट पाक व्हायचा. मावशींच्या आजीच्या वेळी कोकणात याला आंबटाचं भांडं झाकायचा सण म्हणत. मला हे सगळं भारी वाटायचं. आमच्याकडे दिवाळीत घर झाडतात, पण कण शोधत कोण फिरतं? मी सारखा विचारायचो — हे का, ते का, बिस्किट चालेल का, माझ्या खोलीतलं फरसाण? मावशी शिलाईमशीनवरून मान न उचलता सांगायच्या, "फरसाण आधी संपव. मग प्रश्न संपव."

सणाच्या आदल्या संध्याकाळी खमीर शोधायचं असतं. घर तर आधीच लख्ख झालेलं. मग शोधणार काय? म्हणून घरातल्याच कोणीतरी पावाचे दहा तुकडे कागदात गुंडाळून ठिकठिकाणी ठेवायचे, आणि घरच्या माणसानं मेणबत्ती, कोंबडीचं पीस आणि लाकडी पळी घेऊन ते शोधून काढायचे. सकाळी ते जाळायचे. शोध सुरू झाला की मध्ये बोलायचं नाही. पूर्वी तुकडे शमू ठेवायचा. मी आल्यापासून मी ठेवू लागलो. मावशींची अट एकच होती — त्यांचा हात पोचेल आणि त्यांची नजर पोचेल, तिथेच ठेवायचे.

पहिल्या वर्षी दहाच्या दहा सापडले. दुसऱ्या वर्षीही.

तिसऱ्या वर्षी शमूचे फोन वाढले. मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, घरात एकट्या, मी दिवसभर ऑफिसात. त्याचं म्हणणं, आता इकडे या. मावशींना जायचं नव्हतं. हे घर, खालचा भाजीवाला, शनिवारी त्यांच्या ज्यू देवळात जाताना लागणारा तो रस्ता — यातलं काही सोडायचं नव्हतं. शेवटी वैतागून त्या फोनवर म्हणाल्या, "ज्या वर्षी दहाचे नऊ होतील ना, त्या वर्षी येईन. तोवर नाव काढू नकोस."

ती थट्टा आहे असं मला वाटलं होतं — असं मी इथे लिहिणार होतो. पण ते खरं नाही. मी शेजारीच उभा होतो. त्या थट्टा करत नव्हत्या हे मला कळलं होतं.

मग का केलं मी ते? राग होता म्हणावं तर तसंही नाही, उलट इतकी माया मला पुण्यात दुसऱ्या कोणी लावली नव्हती. मला फक्त बघायचं होतं. मावशींनी सांगितलं होतं की शोध संपल्यावर एक वाक्य म्हणायचं असतं — जे खमीर मला दिसलं नाही, ते मातीमोल होवो. मला ते फार हुशारीचं वाटलं. म्हणजे न सापडलेल्या चुकीचीही सोय आहे तर! पण खरंच एक तुकडा राहिला, तर त्या वाक्यावर माणसाचं भागतं का? एवढंच मला हवं होतं.

नऊ तुकडे मी नेहमीसारखे ठेवले. दहावा माझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरच्या सीडीच्या खणात ठेवला आणि बटण दाबून खण आत घालवला.

त्या माझ्या खोलीत आल्या. मेणबत्ती धरून कॉट पाहिली, खिडकी पाहिली, टेबलाखाली वाकल्या. कॉम्प्युटरवरून पीससुद्धा फिरवलं. बाहेर गेल्या, पळीतले तुकडे मोजले, परत आल्या. तीनदा आल्या. मेणबत्ती बोटभर उरली. मी दारात उभा होतो. बोलायचं नाही हा नियम त्यांच्यासाठी होता, माझ्यासाठी नव्हता. मला बोलता आलं असतं.

अखेर त्यांनी ते वाक्य म्हटलं. म्हणून झाल्यावर मला विचारलं, "दहा ठेवले होतेस ना, प्रशांत? नक्की?"

चुकून नऊच ठेवले, एवढं एक खोटं बोललो असतो तरी निभावलं असतं. मी म्हणालो, "हो मावशी, दहा."

कुठे ठेवला, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो शोध कसला? सकाळी अंगणात नऊ तुकडे जळत असतानाच शमूचा फोन आला. मला दोनच शब्द ऐकू आले. "हो. येते."

त्या संध्याकाळी सणाच्या ताटांभोवती आम्ही दोघंच. सगळ्यांत धाकट्यानं प्रश्न विचारायचे असतात — ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का? ते मीच विचारले, त्या रात्री वाचायच्या त्यांच्या मराठी पुस्तकातून. त्यात चार मुलगे येतात, पहिला शहाणा, दुसरा वाईट. त्यातला वाईट मुलगा विचारतो, हे सगळं तुम्ही कशाला करता? 'तुम्ही' म्हणतो, म्हणजे तो स्वतः त्यात नाही, तो बाहेर उभा राहून बघणारा. मावशी हसून म्हणाल्या, "तू पहिला, शहाणा. किती विचारतोस!" मी बेखमीर भाकरीचा तुकडा खजुराच्या पाकात बुडवला आणि खाल्ला. शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरच्या पोटात पाव होता. आठही दिवस तो तिथेच होता. महिनाभर झिजून त्यांनी शुद्ध केलेल्या घरात. सण संपल्यावर मी तो काढला. दगडासारखा झाला होता.

पावसाळ्याआधी मावशी इस्राएलला गेल्या. जायच्या आधी घर विकलं, शिलाईमशीन खालच्या भाजीवाल्याच्या मुलीला दिलं. मला ती लाकडी पळी देत होत्या. मी घेतली नाही. सामान वाढेल म्हणालो.

त्यांची पत्रं यायची. एकात लिहिलं होतं, इथे पेसाहला सगळं तयार मिळतं. खमीर सून शोधते. मला खुर्चीत बसवतात, मेणबत्ती कोणी हातात देत नाही. डोळ्यांचा भरवसा नाही ना आता.

त्या पत्राला मी पुण्याच्या उन्हाबद्दल उत्तर लिहिलं. फ्लायओव्हर होतोय म्हणून लिहिलं. पुढे काही वर्षांनी त्या वारल्याचं शमूनं कळवलं, त्यालाही चार बऱ्या ओळी लिहिल्या.

पत्रं अजून माझ्याजवळ आहेत. अक्षर बारीक, मोत्यासारखं, बिनरेघी कागदावर एकही ओळ वाकडी नाही. शेवटच्या पत्रातसुद्धा नाही. त्यांना शेवटपर्यंत नीट दिसत होतं, आणि हे त्यांना फक्त मीच सांगू शकलो असतो.