शिसं एक, पिंप एक

दाजी गेल्याची बातमी आली तेव्हा मी एका लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासत होतो. गोविंद दारातच थांबला, आत येईना. म्हणाला, "मास्तर, मिरजोळ्यासून माणूस आलाय… दाजी गेले." मी "बरं" म्हटलं आणि वाचत राहिलो. शेवटपर्यंत वाचलं, खाली सही केली. त्या पत्रिकेत वराच्या जागी त्याच्या वडिलांचं नाव पडलं होतं, ते मी खुशाल मंजूर केलं. गोविंदाने वेळेत पाहिलं म्हणून, नाहीतर ती मंडळी बापाच्याच लग्नाचं आमंत्रण गावभर वाटत फिरली असती. दाजी असते तर म्हणाले असते, "मास्तर, नजर गरुडाची हो तुमची, फक्त गरुड झोपलेला." त्या दिवशी ते म्हणायला कोणी नव्हतं.

दाजी आमच्या छापखान्यातल्या जुळाऱ्यांचे प्रमुख. शिशाचे खिळे एकेक उचलून अक्षराला अक्षर लावणारा तो जुळारी. दाजी पोरवयापासून तेच करत आलेले. मला शाळेने मास्तरकीवरून काढलं आणि छापखान्याने घेतलं, या दोन्हींचं कारण एकच, मी फार बोलायचो. "इथे वाचायचं काम आहे, तोंड आपोआप मिटेल," असं दाजींनी मालकांना सांगितलं. त्यांचा असा सपशेल चुकलेला दुसरा अंदाज मला आठवत नाही.

पोटदुखी हटेना म्हणून ते एकदा मुंबईच्या डॉक्टरला दाखवून आले, आणि आल्या दिवशीच आम्हा सगळ्यांना खिडकीपाशी उजेडात उभं केलं. "मेल्यांनो, तोंडं उघडा." एकेकाच्या हिरड्यांच्या कडेला बारीक निळसर रेघ होती, ती त्यांनी बोट ठेवून दाखवली. ते शिसं. खिळे हाताळून काळ्या झालेल्या बोटांनीच आम्ही भाकरी खायचो, हात गुंतलेले असले तर खिळा दातांत धरायचो. तेच शिसं पोटात पीळ घालतं आणि पुढे मनगटं लुळी पाडतं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. "मालक यंत्राला तेल घालायला विसरत नाहीत," दाजी म्हणाले, "माणसाला निदान पाणी तरी घालू." माझ्या हिरड्या तंबाखूने इतक्या रंगलेल्या की रेघ असली तरी दिसायची नाही. "तुमचं प्रूफ फारच खराब, मास्तर," म्हणून ते पुढच्याकडे वळले.

मग त्यांनी एका पिंपाला पितळी तोटी बसवून घेतली, शेजारी साबण आणि हात घासायला नारळाचं सोडण ठेवलं. जेवणाआधी सगळ्यांनी हात धुवायचे. इतकी साधी गोष्ट… पण आमच्यात सखाराम होता. पलटणीतून निवृत्त झालेल्या सुभेदाराचा मुलगा, अस्पृश्य मानलेल्या समाजातला. त्याच्या हाताची सफाई पाहून दाजींनीच त्याला आणलेला. तोवर तो बाहेर फणसाखाली जेवायचा, पाणी घरून आणायचा. पहिल्या दिवशी दाजींनी त्यालाच पुढे केलं. त्याने तोटी फिरवली, हात धुतले, आणि मागे वळून पाहतो तर रांग नाहीशी! दुसऱ्या दिवशी निम्मे जुळारी कामालाच आले नाहीत. लग्नसराईचे दिवस, कामं अडली. मालक म्हणाले, "दाजी, हात धुवायला माझी ना नाही. पिंपं दोन करा."

"शिसं एक, पिंप एक," दाजी म्हणाले. "त्याला वेगळा रोग होतो असं दाखवा, मी वेगळं पिंप आणतो."

"आणि छापखाना बंद पडला तर?"

"तर हात धुऊन घरी जाऊ."

अशा वेळी माझी अक्कल न चाले तरच नवल. तोटीला कोणी हातच लावायला नको, असा तोडगा मी काढला. तांब्या घेऊन पिंपाशी उभा राहिलो आणि सखारामला म्हटलं, "धर रे ओंजळ, मी वरून घालतो." आपण केवढा तंटा मिटवला या आनंदात मी तांब्या उंच धरला. सखारामने हात मागे घेतले. "असं वरून पाणी मला विहिरीवर मिळतंय, मास्तर. त्यासाठी छापखान्यात कशाला येऊ?" दाजींनी माझ्या हातातून तांब्या काढून घेतला. "शोध झकास आहे तुमचा," ते म्हणाले, "फक्त हजार वर्षं जुना."

पगार बुडतो म्हणून जुळारी कामावर परतले, पण तोटीकडे फिरकेनात. दाजींनी हुकूम कोणाला केला नाही. रोज दुपारी सखारामच्या मागोमाग त्याच तोटीवर हात धुवायचे आणि त्याच्या शेजारी बसून जेवायचे, एवढंच. मिरजोळ्यात भटजी त्यांच्या घरी येईनासे झाले, बायकांनी त्यांच्या पत्नीला हळदीकुंकवाला बोलावणं सोडून दिलं. त्याबद्दल छापखान्यात ते चकार शब्द बोलले नाहीत. मग एके दिवशी गोविंद पोट धरून जमिनीवर लोळला, "आतडी पिळतायत वो दाजी!" म्हणून ओरडला. बरा होऊन आला तो मुकाट तोटीपाशी गेला. त्याच्यामागे एकेक जण गेला. मी साधारण मधला. धाडसाच्या रांगेत मधली जागा सर्वांत सुरक्षित.

दाजींना मात्र फार उशीर झाला होता. त्यांची मनगटं खाली पडली ती पुन्हा वर आली नाहीत. अंग झडत गेलं, अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी त्यांना चमच्याने पेज भरवत होत्या. माणूस इतका वाळलेला… काहीतरी चांगलं सांगावं म्हणून मी घाईघाईने म्हणालो, "दाजी, मालकांनी आणखी एक कोरं करकरीत पिंप आणलं! मागच्या दारी ठेवलंय."

चमचा तोंडाशी होता. त्यांनी तोंड मिटलं.

"सखारामसाठी?"

बोलून गेल्यावरच मला कळलं मी काय सांगितलं ते. "हो… म्हणजे…" एवढंच जमलं. दाजींनी भिंतीकडे मान वळवली. वहिनींनी पेज झाकून ठेवली. त्यानंतर आमची भेट नाही.

आता छापखान्यात सगळे नेमाने हात धुतात. साबण संपला तर मालक न सांगता आणतात, आलेल्या पाहुण्यांना कौतुकाने दोन्ही पिंपं दाखवतात, पुढचं सगळ्यांचं, मागचं सखारामचं. धुवत नाही तो एकटा सखाराम. परवा मी त्याला म्हटलं, "अरे, राग मालकांवर काढ, पोटावर कशाला?"

"राग नाही, मास्तर. पण त्या पाण्याने हात धुतले की ते पिंप मला कबूल झालं."

मग मी मागच्या दारी गेलो, त्याच्या पिंपावर खसखसून हात धुतले आणि त्याच्याजवळ येऊन बसलो. खरं सांगायचं तर शाबासकीची वाट पाहत होतो.

"तुम्ही इकडे आलात," तो म्हणाला. "मला तिकडे कुठे जाता येतं?"

दाजी बसायचे तेवढी जागा त्याने शेजारी सोडली होती, आणि मी तिच्या पलीकडे बसलो होतो. त्याने फडकं सोडलं, भाकरी मोडली. तांदळाची पांढरी भाकरी. तिच्यावर बोटांचे काळे ठसे उमटत गेले, वाचता यावेत इतके स्वच्छ… आणि त्याने घास तोंडात घातला.