भोंगा झाला की चेंडू पायाखाली

आमच्या कॉलेजात कबड्डीचा संघ होता, खो-खोचा होता, फुटबॉलचा नव्हता. तो काढायचं खूळ आमच्या कॅप्टनचं. तो गावठाणातला, शेवटच्या वर्षाला. परीक्षा झाली की वडिलांसारखं कंपनीत चिकटायचं, हे त्याच्या घरी ठरून गेलेलं. म्हणजे त्याच्या वाट्याला खेळायला हा एकच हंगाम होता. मी पहिल्या वर्षाला होतो आणि डाव्या बाजूचा बचाव सांभाळायचो. सांभाळायचो हे आपलं म्हणायचं.

प्रिन्सिपॉलसरांच्या लेखी फुटबॉल म्हणजे उंडारणं. पण कॅप्टननं त्यांचा इतका पिच्छा पुरवला, की शेवटी ते म्हणाले, "खडकीच्या पोरांशी एक सामना खेळून दाखवा. मी येतो बघायला. हरलात, तर इंटरकॉलेजचं नाव काढायचं नाही." खडकीची पोरं चालायच्या आधी चेंडू मारायला शिकतात, असं आमच्याकडे म्हणायचे. आमची तोंडं वाळली. कॅप्टन तेवढा खूश होता.

सराव पहाटे, पिंपरीतल्या एका कंपनीच्या भिंतीलगतच्या मुरमाड मोकळ्या जागेत. गोलचे खांब भंगारातल्या लोखंडी पाइपांचे. जागा फुकटची, पण सकाळचा भोंगा झाला की रात्रपाळी सुटायची आणि सायकलींचा लोंढा आमच्या मैदानातून आडवा जायचा. एकदा चेंडू लागून एक मामा सायकलसकट आडवे झाले आणि त्यांनी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेव्हापासून कॅप्टनचा नियम झाला: भोंगा झाला की चेंडू पायाखाली घ्यायचा आणि जागच्या जागी उभं राहायचं. पास देणं आम्हाला शेवटपर्यंत धड जमलं नाही, पण हा नियम मात्र अंगात भिनला.

सामना त्याच जागेत, रविवारी दुपारी ठेवला, कारण पाहुण्यांना आणि सरांना सुट्टी रविवारची. आपल्या इथल्या कंपन्या रविवारी चालू असतात, त्यांची सुट्टी गुरुवारी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात ते आलं नाही.

खरं सांगतो, आम्ही बरे खेळलो. उत्तरार्ध निम्मा सरला तरी कुणाचाच गोल झाला नव्हता. सर छत्री टेकून उभे होते आणि आता त्यांच्या कपाळावरची आठी सैल व्हायला लागली होती. एवढ्यात दुपारचा भोंगा झाला. माझ्या शेजारच्यानं चेंडू पायाखाली घेतला आणि आम्ही सगळे उभे राहिलो. गोलकीपर तर कमरेवर हात ठेवून सायकली कधी येतात ते बघायला लागला. पाहुण्यांना काही उमजेना. मग त्यांच्यातल्या एकानं चेंडू हळूच काढून घेतला आणि तो गोलकडे निघाला.

"खेळा रं! आज मॅच हाय!"

एकटा कॅप्टन ओरडत धावत होता. त्यानं अगदी रेषेवर घसरत जाऊन पायानं चेंडू बाहेर काढला आणि स्वतः तसाच लोखंडी खांबावर आदळला. हात मोडला. तोवर सायकली येऊन पोचल्याच. एका कामगार काकांनी त्याला कॅरिअरवर बसवलं आणि ते दवाखान्याकडे निघाले. मी सायकलबरोबर पळत होतो.

"गोल न्हाई ना झाला?" त्यानं विचारलं.

"नाही झाला."

तो हसला. मला रडू आवरेना.

सामना तिथंच मोडला. हरलो नव्हतो, आणि सर शब्दाचे पक्के, त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्यांनी संघ पाठवायला होकार दिला. डॉक्टरांनी कॅप्टनचा हात प्लास्टरमध्ये घातला आणि सांगितलं, "हा हंगाम विसरा."

आम्हाला वाटलं, आता कसला येतोय तो. पण दुसऱ्याच आठवड्यात पहाटे तो हजर, हात गळ्यात अडकवलेला आणि तोंडात शिट्टी. "हात मोडलाय, तोंड न्हाई," म्हणाला, आणि आम्हाला पूर्वीपेक्षा दुप्पट पळवलं. त्या दुपारबद्दल मात्र तो एका शब्दानं कुणाला बोलला नाही. त्या दिवसांत त्याच्यावर माझा जितका जीव होता तितका सख्ख्या भावावरही नव्हता.

पहिला सामना पुण्यात होता. आम्ही खोलीत कपडे बदलत होतो. कॅप्टननंही पिशवीतून जर्सी काढली आणि एका हातानं झटापट करून चढवली. मग मोजे, मग बूट. नाड्यांपाशी मात्र त्याचं गाडं अडलं. मी जाऊन त्याच्या पुढ्यात गुडघे टेकले आणि नाड्या हातात घेतल्या. बसूनच तर राहायचंय, पायाला काच कशाला, म्हणून मी ढिली गाठ मारायला लागलो.

त्यानं पाय पुढे केला.

"घट्ट बांध की रं," तो म्हणाला. "खेळायला बांधत्यात तशी."