अंगणातले लाल डाग

बाबांवर आमच्या घरात दोन आरोप होते, आणि दोन्ही खोटे होते. आठवलं की अजून डोकं तापतं, कारण एक आरोप आईचा होता आणि दुसरा माझा.

रिद्धपूरकडे आमचं शेत आहे, शेवंती आणि झेंडूचं. रोज सकाळी बाबा मागची सीट काढलेल्या जुन्या गाडीत टोपल्या भरून अमरावतीच्या बाजारात फुलं आणत. गेल्या थंडीत ते म्हणू लागले, "गाडी जड झाली." राजापेठेतल्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, वरून ऑइल ओतलं, बंद केलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने मला बाजूला घेतलं. "ताई, गाडी चांगली आहे. काकाच थकले आता."

त्याने गाडीखाली वाकूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

मग राजापेठेत एका क्लाससमोर वळताना गाडी वळलीच नाही. फुटपाथवर चढली आणि उभ्या स्कूटी आडव्या झाल्या. कुणाला लागलं नाही, पण क्लासची पोरं मोबाइल काढून उभी राहिली. त्याच दिवशी "तुमचे हात गेले आता" म्हणून मी बाबांकडून चावी घेतली. बेफाम वाहनं चालवणाऱ्यांविरुद्ध मी स्वतः पत्रक लिहून वाटलेलं; घरच्या माणसाला सूट कशी द्यायची? आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती आणि ती बाबाच आणायचे. त्यांनीच वाचायला शिकवलेली भाषा मी त्यांच्यावर चालवली. जबाबदारी, सुरक्षितता, समाज.  शेवटी ते एवढंच म्हणाले, "गाडी पाहा एकडाव." मी पाहिली नाही.

दुसरा आरोप अंगणातल्या लाल डागांचा. आई रोज सकाळी सडा टाकते, आणि गाडी उभी असते तिथे तिला लाल शिंतोडे दिसायचे. बाबांनी पान-तंबाखू सोडून चार वर्षं झाली होती.

"लाज नाई वाटत, अंगणात थुकता?"

"मी नाई थुकलो वं."

"मंग देव थुकून गेला का?"

ती घासून डाग काढायची, वर राख टाकायची आणि रांगोळी घालायची. रोज. मी कॉलेजात पुरावा, पुरावा म्हणून भांडणारी. माझ्या दारातला पुरावा रोज सकाळी धुतला जात होता आणि मी चहा पीत बघत होते.

मार्चमध्ये अकोल्याच्या एका मंगल कार्यालयात फुलं पोचवायची होती. मी चावी घेतल्यापासून फुलं टेम्पोने जायची, गाडी मी फक्त संध्याकाळी जागेवर चालू करून ठेवायचे; त्या दिवशी टेम्पो आला नाही, म्हणून गाडी मी घेतली. बाबा शेजारी, दोन्ही हात मांडीवर. हायवेवर काही कळलं नाही. अकोल्यात शिरून वेग कमी झाला आणि कार्यालयाच्या फाटकातून वळायला गेले, तर स्टेअरिंग फिरेना. बॉनेटखालून रडल्यासारखा आवाज. सव्वीस वर्षांची मी, दोन्ही हातांनी लटकले. मागून हॉर्न वाजायला लागले.

बाबा समोरच पाहत होते. "आता कोणाचे हात गेले?"

फुलं उतरवली आणि जवळच्याच गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्री एकटाच काम करणारा, पन्नाशीचा, सगळे त्याला चाचा म्हणत होते. बाबांनी त्याला गाडी जड झाल्याचं सांगितलं आणि घरात हात गेले म्हणतात, तेही. त्याने आधी स्टेअरिंगच्या ऑइलची डबी पाहिली. जवळजवळ रिकामी, तळाशी फेस. मी म्हटलं, "भरून द्या."

"भरू, मंग? ते जाते कुठं, ते पाहाचं नाई का?" त्याने रॉकेलच्या फडक्याने पंप, नळ्या, सगळं पुसलं, वाळू दिलं आणि कपाटातून टाल्कम पावडरचा डबा काढला.

"हे कायले?" मी विचारलं.

"तोंडाले लावाले नाई ठेवली, बेटा." त्याने नळ्यांवर पावडर उडवली, खाली पुठ्ठा सरकवला, डबीत ऑइल भरलं. "काकाजी, बसा तुमी. फुल डावीकडे घ्या, फुल उजवीकडे. शेवटाले दाबून धरू नका, पंपावर जोर येते."

त्याने चावीसाठी हात पुढे केला. ती माझ्या पर्समध्ये होती.

बाबांनी इंजिन चालू केलं. तिसऱ्या फेरीला पंपाकडून येणाऱ्या जाड नळीवर, जिथे रबर लोखंडात शिरतं तिथे, पांढऱ्या पावडरवर लाल रेघ उमटली. मग थेंब. पुठ्ठ्यावर तसाच डाग, जसा आमच्या अंगणात.

"पाहा. इंजिन चालू, जोर आला, की फुटते, मंग उभ्या गाडीतूनही ठिबकते. ऑइल नाई तर स्टेअरिंग जड. याच्यात काकाजीची काय गलती? कोन बोललं हात गेले म्हनून?"

"मी," मी म्हटलं. तो पुन्हा नळीकडे वळला. त्याने मला दोन शब्द सुनवावेत, असं वाटत होतं.

नवी नळी त्याने गावातूनच आणली. बसवून पुढची चाकं जॅकवर उचलली. इंजिन बंद ठेवून बाबांनी स्टेअरिंग इकडून तिकडे फिरवत राहायचं, डबीतले बुडबुडे थांबेपर्यंत. मी बुडबुडे बघत उभी होते. बाबांचे हात न थकता फिरत होते.

चाचाने चावी बाबांच्या हातात दिली. अमरावतीपर्यंत तेच चालवत आले, राजापेठेत त्याच क्लाससमोरून एका हाताने वळले. मी "माफ करा" म्हटलं. त्यांनी आरसा नीट केला.

चाचाकडून मागून आणलेला कोरा पुठ्ठा त्यांनी अंगणात गाडीखाली ठेवला. सकाळी आई सड्याची बादली घेऊन आली. पुठ्ठा कोरडा होता. ती बराच वेळ वाकून पाहत राहिली.

"तोंड वासून दाखवू का?" बाबा म्हणाले.

आईने त्या दिवशी तिथे राख टाकली नाही. बाबांनी चावी स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता मले इचारल्याशिवाय गाडीले हात नाई लावाचा."

मी लावलेला नाही.