मलागासी, उडिया आणि आमचा नाना

नाना गेला हे मला सुरतेत, आमच्या गोडादऱ्याच्या भाजीबाजारात कळलं. सुनेचा फोन आला. "आई, घरी या," एवढंच म्हणाली ती. हातातली मेथीची जुडी तशीच ठेवून मी निघाले. रस्ताभर रडू आलं नाही, राग आला. माझा सख्खा भाऊ शेवटचे कितीतरी दिवस माझ्याशी जीव तोडून काहीतरी बोलत होता आणि त्यातलं अक्षरही मला कळलं नव्हतं. आता कुणाला विचारू?

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला म्हणून सुरतेत आलो. मी शिकून मराठी शाळेत बाई झाले. थोरला नाना मात्र एका गुजराती शेठच्या कापड कारखान्यात देखरेखीचा मास्तर होऊन थेट मादागास्करला गेला आणि उमेदीची सगळी वर्षं तिकडेच राहिला. लग्न केलं नाही. तिकडे कुणी होतं का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "जेवन वाढ." विषय संपला! म्हातारपणी परत आला तो माझ्याकडेच, खालच्या खोलीत. घरात आमच्याशी अहिराणी बोलायचा, पण पायाला ठेच लागली की शिवी निघायची ती मलागासीत, तिकडच्या बोलीत.

आता सुरतेत मलागासी बोलणार कुणाशी? मग त्याने शेजारच्या बिद्याधरला धरलं. बिद्याधर ओडिशातल्या गंजामकडचा, उडिया बोलणारा, लूम चालवतो. त्याची पाळी सुटली की दोघं ओट्यावर बसायचे आणि नाना दोन भाषा शेजारी शेजारी मांडायचा, भाजीवाल्याने वाटे मांडावेत तशा. त्याच्या डोक्याने घेतलं होतं की मलागासी लोक फार पूर्वी पूर्वेकडच्या बेटांवरून होड्यांनी तिकडे गेले, आणि त्या बेटांवर ओडिशाच्या किनाऱ्यावरून व्यापारी जायचे. म्हणजे कुठेतरी धागा लागणारच! लागतोय कसला... पाण्याला मलागासी म्हणतात 'रानु', उडिया 'पाणि'. घराला ते 'त्रानु', हे 'घर'. डोळ्याला ते 'मासु', हे 'आखि'. जुळेल तर शपथ. वाक्याची चालसुद्धा उलटी. तिकडे आधी 'गेला' म्हणायचं आणि मग कोण ते सांगायचं, उडियाचं आपल्यासारखंच, सगळं सांगून झाल्यावर शेवटी 'गेला'. एकदा मात्र तो नाचतच स्वयंपाकघरात आला. "शकू, सापडनं वं, सापडनं!" उरलेल्याला मलागासीत 'सिसा' म्हणतात आणि उडियात 'शेष' आहे. मी म्हटलं, "अरे नाना, शेष आपल्याकडे नाही का? गुजरातीत नाही का? संस्कृतातून जगभर फिरलेला शब्द तो." त्याचा चेहरा इतका पडला, की मला वाटलं, उगाच मास्तरकी केली. बिद्याधर त्याला समजावत बसला. त्याच्या गावाकडे भिजवलेल्या भाताचं आंबट पाणी पितात, आणि नाना सांगायचा की तिकडे करपलेल्या भाताच्या भांड्यात पाणी उकळून जेवताना पितात. "भाषा नहीं मिली तो क्या हुआ नानाजी, पेट तो मिला ना," असं म्हणून तो हसला. नाना हसला नाही. मी एकदा वैतागून विचारलंच, कशाला हा नसता उद्योग? तर म्हणाला, "त्या बोलीमा मनासंगे भांडाले कोनी नही राहिनं, शकू." त्या भाषेत त्याच्याशी भांडायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं.

मग त्याला लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. दवाखान्यात काही दिवसांनी आवाज फुटला, तेव्हा तिथली नर्स मला म्हणाली, "काकी, अंकल तो उडिया बोल रहे हैं!" आमच्या भागात उडिया कामगार फार, म्हणून कळलं नाही ते सगळं उडिया, अशी सवयच आहे. मलाही तेच वाटलं. इतकी संगत होती, डोक्यात तेवढंच राहिलं असेल. घरी आणल्यावर मी बिद्याधरकडे धावले. तो पाळीवरून तसाच आला, केसांत सुताची कुसं घेऊन. खाटेशी बसून त्याने बराच वेळ ऐकलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दीदी, ये हमारा नहीं है. ये नानाजी का दूसरावाला है."

अहिराणी गेली होती, मराठी गेली होती. आईच्या पोटातून आणलेली बोली गेली आणि नेमकी तीच राहिली, जी या अख्ख्या शहरात कुणाला येत नाही. देवाला काय म्हणावं! सुनेने फोनवर भाषांतर करून पाहिलं, पण त्याची जीभ जड, फोन दर वेळी नवंच काहीतरी लिहायचा. उरला बिद्याधर. ओट्यावर जुळवताना कानावर पडलेले थोडे शब्द, तेवढीच त्याची पुंजी. 'रानु' ऐकलं की तो म्हणायचा, पानी. मी पाणी द्यायचे, नाना डाव्या हाताने पेला ढकलायचा. 'त्रानु' आलं की, घर. कुठलं घर? हे? अमळनेरचं? की तिकडचं, ज्याबद्दल मी विचारलं तेव्हा त्याने जेवण वाढायला सांगितलं होतं? पाणी आणि घर यांच्या मधलं सगळं वाक्य आमच्या डोक्यावरून जायचं. बिद्याधर एकदा रडकुंडीला येऊन म्हणाला, "दीदी, हमने सिर्फ चीज़ों के नाम पूछे. बात करना तो पूछा ही नहीं."

त्या सकाळी मी बाजाराला निघाले तेव्हा नानाने माझं मनगट धरलं. हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलला, लहान मुलाला सांगावं तसं. शेवटी आवाज वर चढला, म्हणजे तो काहीतरी विचारत होता. माझ्या तोंडावर डोळे लावून वाट बघत राहिला... मी म्हटलं, "हो नाना, हो." त्याने मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं. समाधान झालं म्हणून, की हिला काहीच समजलं नाही हे समजलं म्हणून?

खालची खोली मी रोज झाडते. खाट अजून हलवलेली नाही. तिच्याजवळ वाकले की आपोआप तोंडातून निघतं, "हो नाना." नाना काय मागत होता आणि मी कशाला हो म्हटलं, हे मी मरेपर्यंत मला कळणार नाही.