आत्याचं ‘नाही’

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक शिंपी आहे. माझी आत्या जिन्यात दिसली की तो ताठ होतो. तोंडातली टाचणी काढून बाजूला ठेवतो, मशीन जोरात पळवतो आणि ती दाराबाहेर पडेपर्यंत मान वर करत नाही. कारण साऱ्या इमारतीत पसरलंय, की आत्याला कंपनीत लोकांवर नजर ठेवायला ठेवलंय. कोण किती काम करतं, कोण किती वेळ नुसतं बसून राहतं, सगळं ती मोजते, आणि तिच्या एका कागदावरून तिघांच्या नोकऱ्या गेल्या. शिंप्याने हे मला कानाशी येऊन सांगितलं. “तुझी आत्या आहे म्हणून सांगतो हं. मी काही बोललो नाही.”

मीही काही बोलले नाही. चार महिने. त्या चार महिन्यांत आमच्या घरातला प्रत्येक कपडा सांगितलेल्या दिवशी शिवून मिळाला.

आता खरं काय ते सांगते. आत्या माणसांवर नजर ठेवत नाही. घरात कोण आलं, कोण गेलं, याचाही तिला पत्ता नसतो. आणि मोजत तर ती काहीच नाही. मोजतो तो प्रोसेसर. कॉम्प्युटरच्या त्या चिपमध्ये विजेच्या मीटरसारखे बारके बारके काउंटर असतात. मेमरीची वाट बघत किती वेळ ताटकळावं लागलं, पुढे काय येणार याचा अंदाज कितीदा फसला, हे ते गुपचूप मोजत बसतात. म्हणजे कोण नुसतं बसून राहतं ते कळतं खरं, पण चिपच्या पोटातलं. शिंपी अगदीच चुकला नव्हता.

गंमत अशी, की सगळा कॉम्प्युटर चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम जागी होते तेव्हा तिला यातलं काहीच ठाऊक नसतं. नव्या घरात डोळे चोळत उठलेल्या पाहुण्यासारखी तिची गत असते. मोरी कुठे, दिवा कुठे, काही कळत नाही. तिच्याआधी फर्मवेअर नावाचा एक छोटा प्रोग्राम उठलेला असतो. तो तिच्या हातात एक तक्ता ठेवतो: हा काउंटर या पत्त्यावर, तो चिपच्या अमक्या भागाचा, भरून गेला की अशी हाक मारेल आणि वाचायचा तो असा. तो तक्ता आत्या लिहिते. बारा वर्षं झाली.

ती घरातही तशीच बोलते. मी फोन करून विचारते, “आत्या, कात्री कुठाय?”

“आधी मला सांग, तू कुठे उभी आहेस?”

“घरात!”

“घरात कुठे?”

“फ्रिजसमोर.”

“तोंड कुणाकडे?”

“फ्रिजकडे गं! रागाने बघतोय तो माझ्याकडे!”

“मग उलटी वळ. दुसरा कप्पा, डावीकडून तिसरा डबा. झाकण फिरवायचं, ओढायचं नाही.”

कात्री तिथेच असते. बाबा तिचे सख्खे धाकटे भाऊ, पण त्यांनी कधीच हात टेकलेत. “ताईला विचारण्यापेक्षा नवी कात्री आणलेली बरी,” म्हणतात.

मला नकला येतात. शिंपी येतो, आमच्या शाळेचे माइकवाले सर येतात, पण आत्या हा माझा हुकमाचा पत्ता. चष्मा बोटाच्या पेराने वर सरकवायचा, एक श्वास थांबायचं आणि मग “तू कुठे उभी आहेस” मधली ‘उभी’ अशी ताणायची की ऐकणारा आपोआप सरळ उभा राहतो.

गेल्या महिन्यात आत्याच्या एका ‘नाही’वरून कंपनीत रण माजलं. तक्त्यात प्रत्येक काउंटरपुढे एक हो-नाहीचा रकाना असतो: हा आकडा एका दमात वाचता येतो का? नव्या चिपमधल्या एका काउंटरपुढे आत्याने ‘नाही’ लिहिलं होतं. म्हणजे आकड्याचा वरचा अर्धा भाग वाचायचा, मग खालचा अर्धा, मग पुन्हा वरचा. वरचा मधल्यामध्ये बदलला नसेल तरच विश्वास ठेवायचा, नाहीतर पहिल्यापासून. हे ऐकून ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाजूचा प्रमुख पिसाळला. तांबड्या काड्यांचा चष्मा लावतो, म्हणून आमच्या घरात त्याचं नावच तांबडा चष्मा.

“अहो ताई, डिझाइनच्या कागदात स्वच्छ लिहिलंय, एका दमात वाचता येतो. तुम्ही एका आकड्यासाठी तीन खेपा घालायला लावताय!”

आत्या कागदावर विश्वास ठेवत नाही. ज्याने तो तुकडा बनवला त्याच्या खुर्चीपाशी जाऊन विचारते. या वेळी ती मागच्या खोलीतल्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरकडे तीनदा गेली होती, आणि तिसऱ्या खेपेला त्याने मान खाजवत कबूल केलं, की काउंटर रुंद आहे खरा, पण तिथपर्यंत जाणारी वाट अरुंद आहे. एका दमात मागितलेला आकडाही वाटेत दोन तुकडे होऊनच येतो.

तांबड्या चष्म्याने तक्त्याच्या स्वतःच्या प्रतीत ‘नाही’चं ‘हो’ केलं, दहा हजार वेळा आकडा वाचला आणि सगळेच्या सगळे बरोबर आले. मग दोघांच्या वरच्या साहेबांनी मंगळवारची बैठक लावली. आत्याचं ‘नाही’ खोटं ठरलं, तर यापुढे तक्ते डिझाइनच्या कागदांवरून आपोआप तयार होणार, आणि आत्या प्रशिक्षण विभागात जाणार, नव्या मुलांना दाराची कार्डं वाटायला.

रविवारी आम्ही दोघी वाळलेल्या चादरी घडी घालत होतो. तिची दोन टोकं नेहमी जुळतात. त्या दिवशी जुळेनात.

“आत्या, दहा हजार वेळा बरोबर आलं म्हणजे बरोबरच ना?”

“तो चुकीच्या वेळी बघतोय.”

“मग बरोबर वेळ कुठली?”

“तेच शोधतेय. दोन दिवस आहेत.”

“नाही सापडायची. लाव पैज!”

मला तिला हसवायचं होतं, देवाशपथ. पण आत्याने लगेच पेन काढलं. पैजेचीही चिठ्ठी! ‘हरल्यास: आत्याची नक्कल बंद. मुदत: तीस दिवस. ठिकाण: घरी, शाळेत, जिन्यात, फोनवर. प्रेक्षक: कोणीही.’ मी न वाचता सही ठोकली. ती हरली तर तिने जिन्यात उभं राहून शिंप्यासमोर माझी नक्कल करायची, असं मी खाली लिहून घेतलं.

सोमवारी दुपारी आमच्या शाळेत बास्केटबॉलचा सामना होता आणि गुणांच्या पाट्या उलटायला मी. दशकाची पाटी डाव्या हाताला, एककाची उजव्या. आत्या अर्धा दिवस सुट्टी काढून आली. खेळ बघायला कसली. माझी पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि डोक्यात तो काउंटर. आमचे अठ्ठावन्न झाले होते. बास्केट पडली, साठ. मी एककाचा आठ उलटून शून्य केला, आणि डावा हात दशकाच्या पाटीकडे जातोय तोच माइकवाल्या सरांनी वळून बघितलं आणि घसा फाडून सांगितलं, “आणि आपला संघ... पन्नासवर!”

जो काही गोंधळ झाला! आमची कर्णधार कमरेवर हात ठेवून उभी. “सर, आमचे दहा कुणी खाल्ले?” समोरच्या शाळेने तेवढ्यात टाळ्या वाजवून घेतल्या. सर माझ्यावर डाफरले, “पाट्या नीट उलट!” मी म्हटलं, “सर, तुम्हीच मधे बघितलंत!”

मी आत्याकडे बघितलं. ती उभी राहिली होती. खेळाडूंकडे पाठ, डोळे माझ्या पाट्यांवर. पुढच्या टाइम-आउटला माझ्याजवळ येऊन म्हणाली, “सुरुवातीपासून तुझे सर सगळे आकडे बरोबर वाचतायत. चुकले कधी? दशकाची पाटी पालटताना. मग दहा हजार वेळा बघून काय होणार? पालटतानाच बघायला हवं.” पिशवी माझ्या गळ्यात अडकवली आणि गेली. आम्ही तो सामना दोन गुणांनी जिंकलो. ते तिला बुधवारी कळलं.

मंगळवारी मी घरी आले तर बैठकीच्या खोलीत दारासमोर अनोळखी बूट आणि सोफ्यावर साक्षात तांबडा चष्मा! मला बघून तो उठूनच उभा राहिला.

“पाट्या उलटणारी ती तूच ना? तुझ्या आत्याने आज माझं पार पानिपत केलं.”

“काय केलं तिने?”

“काउंटर आपला आपण भरायची वाट बघितलीच नाही. खालचा अर्धा भाग मुद्दाम काठोकाठ भरून ठेवला, जरा धक्का लागला की पालटेल असा. तो पालटताना वाचला. परत भरला, परत वाचला. दहा हजार वेळा, माझ्याच ‘हो’ने. तेवीसदा आकडा चारशे कोटींनी मागे, तुझ्या साठाचे पन्नास झाले तसा! मग ताईंच्या पद्धतीने, तीन खेपा घालून. एकदाही चूक नाही.”

“मग साहेब काय म्हणाले?”

“म्हणाले, तक्ता ताईच लिहिणार. आणि डिझाइनचा कागद मी दुरुस्त करायचा. मी!” असं म्हणून तो स्वतःच मोठ्याने हसला. वाईट नव्हता हो माणूस.

आत्या चहा घेऊन आली. चादरीवरच्या सुरकुत्या इस्त्रीने जाव्यात तसा तिचा चेहरा झाला होता. बाबांनी मागून विचारलं, “ताई, बिस्किटं कुठली काढू?” तिने तोंड उघडायच्या आतच तांबडा चष्मा म्हणाला, “थांबा, थांबा. आमच्या ऑफिसात सगळे हे करतात.” त्याने चष्मा वर सरकवला, दोन बोटांनी, आणि म्हणाला, “आधी मला सांग, तू कुठे उभा आहेस?”

बाबा खो खो हसले. आत्यासुद्धा हसली. मी नाही. कारण त्याने जोर दिला ‘कुठे’वर. आत्या देते ‘उभी’वर! मधला श्वास घेतला नव्हता. आणि दोन बोटं? तिथे एका बोटाचं पेर लागतं, पेर!

“तू पण करतेस म्हणे,” तो मला म्हणाला. “करून दाखव की. आमच्यात कुणालाच धड जमत नाही.”

माझं बोट नाकापर्यंत गेलं होतं. आत्याने बशी खाली ठेवली आणि फ्रिजकडे हात केला. दारावर, लोहचुंबकाखाली, माझ्या सहीची ती चिठ्ठी. घरी, शाळेत, जिन्यात, फोनवर. प्रेक्षक: कोणीही.

मी बोटाने नाक खाजवलं आणि त्याला बिस्कीट दिलं. अजून एकोणतीस दिवस होते.